ऊद: एका लाकडाची नावं

‘ऊद वुड’ या नावाचा शब्दशः अर्थ होतो ‘लाकूड लाकूड’. पहिला शब्द अरबी, दुसरा इंग्रजी, आणि मुळात दोघांचा अर्थ एकच. टॉम फोर्ड या अमेरिकी फॅशन डिझायनरच्या कंपनीने हे अत्तर २००७ साली ‘प्रायव्हेट ब्लेंड’ या मालिकेत बाजारात आणलं. गडद रंगाची बाटली, छोटंसं लेबल. पुरुषांसाठी की स्त्रियांसाठी, याचा त्यावर उल्लेख नाही. नावातली द्विरुक्ती मात्र मराठी कानाला मुळीच खटकू नये. आपण धनदौलत म्हणतो, बाजारहाट म्हणतो, कागदपत्र म्हणतो, पावरोटी म्हणतो. एक शब्द बाहेरून आलेला, दुसरा घरचा. दोघांनी एकमेकांचा हात धरला की बाहेरचाही घरात रुळतो. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला ‘ऊद’ नवा होता, म्हणून त्याच्या शेजारी ‘वुड’ उभं राहिलं.

मराठी माणसाला हा शब्द नवा नाही. उदबत्तीत तो रोज पेटतो. ऊद अधिक बत्ती म्हणजे उदबत्ती. बत्ती ही संस्कृत ‘वर्ति’वरून आलेली, म्हणजे वात. ऊद अरबी. अरबीत त्याची सुरुवात घशातून काढायच्या ‘ऐन’ या वर्णाने होते. तो आपल्या जिभेला पेलला नाही, म्हणून गळाला. अर्थ काठी, फांदी, लाकूड. अरबांनी एका विशिष्ट लाकडाला इतकं मानलं, की नुसतं ‘लाकूड’ म्हटलं तरी तेच लाकूड समजायचं. दुसरा मान त्यांनी एका तंतुवाद्याला दिला. तेही ऊदच. ‘अल्-ऊद’ हे वाद्य युरोपात पोचलं तेव्हा उपपदातला ‘ल’ शब्दाला चिकटून राहिला आणि त्याचं ‘ल्यूट’ झालं. म्हणजे मनगटावरचं अत्तर, देवापुढची उदबत्ती आणि युरोपच्या राजवाड्यांत वाजणारं ल्यूट ही तिन्ही एकाच अरबी काठीची नावं.

हिंदी आणि गुजराती माणूस उदबत्तीला अगरबत्ती म्हणतो. हा अगर म्हणजे संस्कृतातला अगरु किंवा अगुरु. अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त सुगंधी द्रव्यांची जी माहिती दिली आहे, तिच्यात ऊद येतो आणि हिंदीत त्याला अगर म्हणतात हेही येतं. तेव्हा उदबत्ती आणि अगरबत्ती हे अर्थाने एकच शब्द आहेत, फक्त पहिलं पद वेगवेगळ्या दारांनी आत आलं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि तमिळ ‘ऊद’च्या बाजूला, हिंदी आणि गुजराती ‘अगर’च्या. अरबांची गलबतं आपल्या किनाऱ्याला लागत होती म्हणून आपण अरबी शब्द घेतला, असं म्हणायचा मोह होतो. पण गुजरातच्या बंदरांचे अरबांशी संबंध आपल्यापेक्षा काही कमी नव्हते. तेव्हा नुसत्या बंदरांवरून याचा उलगडा होत नाही.

आता खरा पेच. मराठीत ऊद हा शब्द टिकला, पण त्याच्याखालची वस्तू बदलली. काष्ठौषधींच्या दुकानात ऊद मागितला तर लाकूड मिळत नाही. पुडीत पिवळट-तपकिरी, ठिसूळ खडे येतात, मध्येच पांढुरके ठिपके असलेले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंगाबरोबर जो चिमूटभर टाकतात तो हाच. न्हाऊ घातलेल्या बाळाला त्याची धुरी देतात, बाळंतिणीचे ओले केस त्यावर धरतात. खडा आधी फुगतो, मग वितळतो, आणि एक मऊ, व्हॅनिलासारखा गोडसर वास खोलीभर होतो. हा चीक सुमात्रा आणि आसपासच्या प्रदेशांतल्या झाडांचा. अरब त्याला ‘लुबान जावी’ म्हणजे जावाकडचा लोबान म्हणत, कारण सुमात्रालाही ते जावाच समजत.

याच ‘लुबान जावी’ची पुढची वाट पाहण्यासारखी आहे. युरोपातल्या व्यापाऱ्यांना सुरुवातीचं ‘लु’ हे आपल्याकडचं उपपद वाटलं. त्यांनी ते तोडलं आणि उरलेल्या ‘बान जावी’चं होत होत ‘बेंझोइन’ झालं. ल्यूटमध्ये उपपद शब्दाला चिकटलं. इथे उलट शब्दाचाच तुकडा उपपद समजून कापला गेला. बेंझोइनपासून मिळालेलं ते बेंझोइक आम्ल. १८३३ साली मिचरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते आम्ल चुन्याबरोबर तापवून एक द्रव मिळवला आणि त्याला ‘बेंझिन’ म्हटलं. आज जर्मनीत पेट्रोलला ‘बेन्झीन’ म्हणतात. बाळाच्या धुरीतला खडा आणि बर्लिनच्या पेट्रोलपंपावरची पाटी यांचं हे नातं कोशातच सापडायचं.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. उदमांजर या प्राण्याच्या नावातला उद हा सुगंधी ऊद नव्हे. त्याचं नातं संस्कृत ‘उद्र’शी लावतात, आणि उद्र म्हणजे पाणमांजर. गोंधळ होतो याला कारण आहे. त्याच कुळातल्या जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्राव अत्तरात शतकानुशतकं वापरला गेला. हा ‘जवाद’ अरबी ‘झबाद’वरून आला, आणि इंग्रजीतलं ‘सिव्हेट’ही तिथूनच. मांजर सुगंधाच्या धंद्यात खरोखर होतं, पण त्याच्या नावातला उद तिथला नव्हे.

अगुरुकडे वळू. संस्कृत पंडितांनी या शब्दाची सरळ फोड केली: अ-गुरु, जे जड नाही ते. या फोडीसमोर चिनी आणि जपानी नावं ठेवली की अडखळायला होतं. चिनीत या लाकडाला ‘छन्‌श्यांग’ आणि जपानीत ‘जिंको’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ ‘बुडणारा सुगंध’. उत्तम ऊद पाण्यात टाकला की तळाशी जातो, हीच त्याची परीक्षा. मग जे बुडतं ते हलकं कसं?

उत्तर झाडातच आहे. ॲक्विलेरिया प्रजातीच्या निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ निर्गंध असतं. खोडकिडा त्याला पोखरतो, त्या भोकांतून बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या जागी गडद राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं ती मुरत जाते. लाकूड काळं पडतं, जड होतं आणि मगच त्याला गंध येतो. तेव्हा ‘अगुरु’ हे नाव निरोगी झाडाला शोभतं आणि ‘बुडणारा सुगंध’ हे जखमी झाडाला. अर्थात संस्कृत पंडितांनी झाडाचं निरीक्षण करून ही फोड केली, असं माझं म्हणणं नाही. तमिळमध्ये या लाकडाला ‘अकिल’ म्हणतात. बाहेरून आलेला असाच एखादा शब्द संस्कृतात शिरला आणि त्याला ओळखीच्या पदांचा पेहराव चढवला गेला, हीच शक्यता मला अधिक पटते. संस्कृतातून तो मलय भाषेत गेला आणि ‘गहारू’ झाला.

तमिळ-मलयाळम किनाऱ्यावरचा ‘अकिल’ पोर्तुगीजांच्या कानी पडला तेव्हा त्यांनी तो ‘आगिला’ असा घेतला. त्यात युरोपीय कानांना गरुडवाचक लॅटिन ‘आक्विला’ ऐकू आलं. इंग्रजीत या लाकडाचं ‘ईगलवुड’ झालं, फ्रेंच आणि जर्मनमध्येही गरुडाचंच लाकूड झालं. १७८३ साली लामार्कने झाडाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यातही गरुड येऊन बसला: ॲक्विलेरिया. या झाडाचा आणि गरुडाचा काडीचाही संबंध नाही. या गोंधळाच्या काळात आपल्या भूमीवर एक शहाणा माणूस होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहून इथल्या औषधी द्रव्यांची चौकशी करत होता. संवादांच्या रूपातलं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं आणि त्यातला एक संवाद या लाकडावर आहे. कोण त्याला काय म्हणतं आणि ते येतं कुठून, याचा शोध तेव्हाही सोपा नव्हता.

ते येतं कुठून, याचं आपल्यापुरतं उत्तर आसाम. कालिदासाचा रघू लौहित्य नदी ओलांडून प्राग्ज्योतिषाला पोचतो तेव्हा त्याचे हत्ती काळ्या अगरूच्या झाडांना बांधलेले असतात. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाला पाठवलेल्या भेटींमध्ये अगरूचं तेल आहे आणि अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्याही आहेत. आसामात त्या सालीला सांचीपात म्हणतात आणि जुन्या असमिया पोथ्या तिच्यावरच लिहिलेल्या आहेत. एकाच झाडाने वास दिला आणि कागदही दिला. आज आसामातलं होजाई हे अगरच्या व्यापाराचं मोठं ठाणं आहे. तिथले हाजी अजमल अली विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत आले आणि अत्तराच्या धंद्यात उतरले. त्यातून उभं राहिलेलं घराणं पुढे आखातात पसरलं. आखातातल्या दुकानांत उदाचं तेल आजही तोळ्यावर विकतात. आपल्या सोनाराचा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. आपण त्यांच्याकडून ऊद घेतला, त्यांनी आपल्याकडून तोळा घेतला. या देवाणघेवाणीत आपण तोट्यात आहोत असं मला वाटत नाही.

आता माणसाकडे येऊ. हे अत्तर कोणाला शोभतं?

अत्तरांच्या जाहिराती या प्रश्नाला ठरावीक उत्तरं देतात. गूढ, श्रीमंत, रात्रीचा, पौर्वात्य. मला याहून नेमकं उत्तर कौटिल्याकडे सापडलं. ‘अर्थशास्त्रा’त राजाच्या कोशात ठेवायच्या वस्तूंची परीक्षा सांगताना तो चंदनानंतर अगुरूकडे येतो. त्याचे प्रकार सांगतो आणि उत्तम अगुरूचे गुण मोजतो. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा भाग आज कुणालाही नीट पाहता येतो. त्यातले गुण माझ्या शब्दांत सांगायचे तर असे. ते लाकूड वजनदार असावं, स्निग्ध असावं. त्याचा वास मृदू असावा आणि दूरवर जावा. आगीत ते धीमेपणाने टिकावं, धूर अंगावर येऊ नये, आणि कितीही घासलं तरी गंध जाऊ नये. पहिलाच गुण पाहा. अगुरूचा पहिला गुण ‘गुरु’ असणं. व्युत्पत्ती काहीही म्हणो, कोशाध्यक्षाने वजन करूनच माल आत घ्यायचा.

ही यादी लाकडाची म्हणून वाचली तर मालाची परीक्षा आहे, माणसाची म्हणून वाचली तर स्वभावाची. शब्दाला वजन असलेला, पण स्वभावाने रूक्ष नसलेला. संतापला तरी भडकून न उठणारा. परिस्थितीने घासून काढला तरी आपला मूळ गुण न सोडणारा. असा माणूस कचेरीत असतो, शाळेत असतो, रुग्णालयाच्या रात्रपाळीत असतो. त्याला पैशाची किंवा गूढपणाची अट नाही. ‘ऊद वुड’ मला अशाच माणसावर शोभतं. ज्याला खोलीत शिरताच सगळ्यांनी वळून पाहावं असं वाटतं, त्याच्यावर ते फुकट जातं.

कारण हे अत्तर मुळात शांत आहे. मनगटावर घेतल्याबरोबर आधी वेलदोडा येतो, त्यामागून मिरीसारखा किंचित चटका. तो ओसरला की लाकूड वर येतं, पण गुळगुळीत केलेलं. चंदन, वाळा, आणि तळाशी टोंका या बीचा बदामी गोडवा. ज्याने आसामचं शुद्ध उदाचं तेल हुंगलं आहे त्याला हा फरक ताबडतोब कळेल. पुष्कळदा लाकडाचे तुकडे ऊर्ध्वपातनाआधी कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात, त्यामुळे त्या तेलाला आंबूस, कातड्यासारखा, गोठ्याची आठवण देणारा दर्प येतो. पहिल्या क्षणी माणूस मान मागे घेतो. तासाभराने तोच हात पुन्हा नाकाशी नेतो. ‘ऊद वुड’ने ही कसोटी काढून टाकली आहे. हे त्याचं यश आणि माझ्या मते त्याची मर्यादाही. याआधी, २००२ साली, टॉम फोर्डच्याच देखरेखीखाली इव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशनगृहाचं ‘एम ७’ आलं होतं. पाश्चात्त्य बाजारात उदाला मोठ्या प्रमाणावर पुढे आणणारं ते पहिलं अत्तर मानलं जातं. ते अधिक दांडगं होतं.

‘अमरकोशा’ने वासांमध्ये एक सुरेख भेद केला आहे. घासण्या-चोळण्यातून निघणारा, मन ओढून घेणारा गंध तो परिमल, आणि दूरवर पसरणारा तो आमोद. अत्तरवाले आज ‘सियाज’ नावाचा फ्रेंच शब्द वापरतात. मूळ अर्थ बोटीमागे पाण्यात उमटणारी रेघ, आणि आता माणसामागे रेंगाळणारा वास. तो आमोदाच्या जवळचा. शुद्ध उदाचं तेल आमोदाचं, ‘ऊद वुड’ परिमलाचं. शेजारी बसलेल्याला कळेल, पलीकडच्या टेबलाला नाही. हलक्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला असंच अत्तर हवं.

आणि तो माणूस पुरुष की स्त्री, हा प्रश्न या लाकडापुढे कधीच नव्हता. फुलं बाईला आणि लाकूड-कातडं पुरुषाला ही वाटणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासूनच्या युरोपातली. आखातात स्त्री-पुरुष दोघं ऊद लावत आले. आपल्याकडे लग्नकार्यात गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडताना कुणी वऱ्हाडी पुरुषांना वगळत नसे, आणि कानात हिन्याचा फाया ठेवणारे आजोबाच असत. व्याकरणाने तर हा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. अरबीतला ‘इत्र’ पुल्लिंगी, हिंदीतला ‘इत्र’ही पुल्लिंगी. मराठीने शब्द घेतला तेव्हा ‘ते अत्तर’ म्हटलं. तो ऊद, ती उदबत्ती, ते अत्तर. युनिसेक्स हा शब्द १९६०च्या दशकातला. आपलं नपुंसकलिंग त्याच्या कितीतरी आधीचं.

मोजक्या दर्दींसाठी बनवलेल्या अत्तराला ‘निश’ परफ्यूम म्हणतात. त्या शब्दालाही आपल्याकडे हक्काचं घर आहे. फ्रेंचमध्ये निश म्हणजे भिंतीतली खोबण. आपण तिला कोनाडा म्हणतो, आणि दिवा किंवा देव ठेवायची असेल तर देवळी. दुकानाच्या काचेतून ओरडणारा माल वेगळा, आणि कोनाड्यात जपून ठेवलेली वस्तू वेगळी. या अर्थाने पाहिलं तर विमानतळांवरच्या दुकानांत सर्रास मिळणारं ‘ऊद वुड’ आता कोनाड्यातलं राहिलेलं नाही. अत्तराचे काही दर्दी त्याला निश मानायलाच तयार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण त्यामुळे वास बदलत नाही.

परफ्यूम हा शब्दही शेवटी धुराचाच. लॅटिनमध्ये ‘पेर फुमुम’, म्हणजे धुरातून. बाटलीतला फवारा नंतर आला, आधी निखारा होता. म्हणून शेगडीतल्या निखाऱ्यावर ऊद टाकणारी आजी परफ्यूम या शब्दाच्या मूळ अर्थाला बाटलीपेक्षा जास्त जवळची आहे.

दोन गोष्टी वाचकांना आग्रहाने सांगायच्या आहेत. पहिली खरेदीची. बाजारातल्या बहुतेक ऊद-अत्तरांमधला ऊद प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. त्यात फसवणूक नाही, कारण ॲक्विलेरियाची रानटी झाडं तोडून तोडून विरळ झाली आहेत आणि आसामात आढळणारी जात १९९५पासून ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. मात्र कुणी स्वस्तात ‘शंभर टक्के शुद्ध ऊद’ देऊ लागला तर घेऊ नका. कागदाच्या पट्टीवर हुंगून निर्णय करू नका. मनगटावर लावा, दुकानाबाहेर पडा आणि दोन-तीन तासांनी ठरवा.

दुसरी लिहिण्याची. जाहिराती आणि दुकानांच्या पाट्या इंग्रजी अक्षरांवरून या शब्दाचं ‘ऊड’, ‘औड’, ‘ओउड’ असं काहीही करतात. हा शब्द मराठीत कित्येक पिढ्या नांदतो आहे, त्याला विभक्ती लागते, त्याचा समास होतो. मराठीत लिहिताना तो ‘ऊद’ असाच लिहा, आणि लाकडाबद्दल बोलत आहात की धुरीच्या खड्याबद्दल, हे सांगायची गरज पडली तर लाकडाला अगरू म्हणा.